मुलांसाठी समुद्रकिनारा निवडताना
फोटोतल्या निळ्याशार पाण्यावर भुलू नका, आधी उतार बघा. बरंच आत गेल्यावरही पाणी गुडघ्याएवढंच असेल, तर तो किनारा मुलांचा. समोर प्रवाळाची रांग असली तर लाटा तिथेच फुटतात, आतलं पाणी शांत राहतं. (भरतीला मात्र चित्र बदलतं.) फुटणाऱ्या लाटांच्या मधे सपाट, गडद पट्टा दिसला की नवखे नेमके तिथेच उतरतात, तो बहुतेकदा आत ओढणारा प्रवाह असतो! जीवरक्षक असलेलाच किनारा निवडा, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहा. जेलीफिशचा हंगाम स्थानिकांना विचारा. हवा भरलेल्या ट्यूबवर माझा मुळीच विश्वास नाही. वारा जमिनीकडून सुटला की ती बघता बघता खोल पाण्यात जाते.