गृहकर्जासोबत ‘कर्ज सुरक्षा विमा’ गळ्यात मारला गेला का, हे कसे तपासायचे?

तुमचा प्रश्न असा: गृहकर्ज देताना बँकेने ‘कर्ज सुरक्षा’ विमा, म्हणजे कर्जदाराचे निधन झाले तर उरलेले कर्ज फेडणारा विमा, घ्यावाच लागतो असे सांगितले आणि प्रीमियम कर्जातच मिळवला. हे नियमात बसते का आणि पैसे परत मिळतील का?

कर्जासोबत विमा विकणे बेकायदा नाही. तो घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही असे सांगणे मात्र नियमाबाहेरचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेमार्फत घेतलेला विमा ग्राहकासाठी पूर्णपणे ऐच्छिक असतो आणि कर्जाची मंजुरी त्याला बांधता येत नाही. इमारतीच्या आग-भूकंप विम्याची गोष्ट वेगळी. गहाण मालमत्तेचा विमा उतरवण्याची अट बँक घालू शकते, पण तिथेही ‘आमच्याच कंपनीचा घ्या’ हा हट्ट चालत नाही. म्हणून आपल्याकडून नेमका कोणता विमा कापला आहे, ते आधी पाहा. पुष्कळदा आयुर्विमा, इमारतीचा विमा आणि वर अपघात किंवा गंभीर आजाराचा विमा असे तिन्ही एकाच दिवशी लागलेले सापडतात.

शोधाची सुरुवात मंजुरीपत्रापासून नको, कर्जखात्याच्या उताऱ्यापासून करा. कर्ज वितरणाच्या दिवसापासूनचा उतारा मागवा आणि मंजूर रक्कम व प्रत्यक्ष हातात आलेली रक्कम यांतला फरक रुपयापर्यंत जुळवा. समजा, वैयक्तिक कर्ज ५,००,००० रुपयांचे मंजूर झाले आणि खात्यात ४,७७,००० आले. प्रक्रिया शुल्क २ टक्के, म्हणजे १०,००० आणि त्यावर जीएसटी १,८००. हे वजा केले तरी ११,२०० रुपयांचा हिशेब लागत नाही. ते बहुधा विम्यात गेलेले असतात. गृहकर्जात आणखी एक खुबी असते: काही बँका प्रीमियमसाठी वेगळे छोटे कर्जखाते उघडतात. मुख्य खात्याच्या उताऱ्यात विम्याचे नावही दिसत नाही आणि दरमहा दोन ईएमआय जात राहतात.

कर्ज १ ऑक्टोबर २०२४ नंतर मंजूर झाले असेल, तर काम सोपे आहे. तेव्हापासून प्रत्येक किरकोळ कर्जासाठी ‘मुख्य तथ्य पत्रक’, म्हणजे केएफएस, देणे बंधनकारक आहे. त्यात विम्याची रक्कम वेगळी दाखवावी लागते आणि वार्षिक टक्केवारी दरातही, म्हणजे व्याज व इतर खर्च मिळून कर्ज वर्षाला किती टक्क्यांना पडते त्या आकड्यातही, धरावी लागते. पत्रकात नसलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. उताऱ्यात विमा आहे आणि केएफएसमध्ये नाही, असे निघाले तर तक्रारीला याहून भक्कम कागद नाही.

यानंतर विमा प्रमाणपत्र. हे विमे बहुतेक समूह पॉलिसीचे असतात. मूळ पॉलिसी बँकेच्या नावावर असते आणि कर्जदाराला फक्त प्रमाणपत्र मिळते. तेही न वाचलेल्या ईमेलमध्ये पडून असते. सापडले नाही तर शाखेकडे लेखी मागा. सोबत सही केलेला विमा अर्ज, आरोग्य घोषणापत्र, ओटीपीने दिलेल्या संमतीची नोंद आणि पडताळणी कॉलचे रेकॉर्डिंग हेही मागा. बँक यातले काय देऊ शकत नाही, हाही पुढे पुरावाच ठरतो.

प्रमाणपत्रात विमा कुणाचा आहे ते बघा. पती-पत्नीचे संयुक्त कर्ज असते, ईएमआय मुख्यतः एकाच्या पगारातून जातो आणि विमा दुसऱ्याच्या नावाने निघतो. असा विमा कुटुंबाच्या काय कामाचा? मग मुदत पाहा. २० वर्षांच्या कर्जावर ५ वर्षांचा विमा आढळणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि ग्राहकाला मात्र ‘कर्ज फिटेपर्यंत काळजी नाही’ असे सांगितलेले असते. तिसरी गोष्ट म्हणजे घटत्या विमा रकमेचा तक्ता. कर्ज फिटत जाते तशी विमा रक्कम दरवर्षी किती कमी होईल, ते त्यात असते. तो विकतानाचा व्याजदर धरून कायमचा ठरवतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ दरम्यान रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, अनेकांच्या कर्जाची मुदत लांबली, पण तक्ता जुन्याच वेगाने उतरत राहिला. अशा कर्जात आजची शिल्लक विमा रकमेपेक्षा जास्त असू शकते.

आरोग्य घोषणापत्र हा माझ्या मते सगळ्यांत धोकादायक कागद. विक्री करणाराच सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’ची खूण करून सही घेतो. तुम्हाला मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल आणि तिथे ‘नाही’ असेल, तर दावा नाकारायला कंपनीला आयते निमित्त मिळते. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार ३ वर्षांनंतर अशा कारणाने पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, पण तोवरची जोखीम कुटुंबाच्या डोक्यावर. चूक दिसली की दुरुस्तीचे पत्र लगेच द्या, नाहीतर विमा रद्द करण्याचा मार्ग धरा.

किंमतही मोजून पाहा. १,२०,००० रुपयांचा एकरकमी प्रीमियम ८.५ टक्क्यांनी २० वर्षांच्या कर्जात मिळवला, तर त्याचा ईएमआय सुमारे १,०४१ रुपये होतो आणि एकूण जवळपास अडीच लाख भरले जातात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही, समूह विम्यावर तो अजून १८ टक्के आहे. ब्रिटनमध्ये याच प्रकारच्या विम्यापोटी बँकांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम ग्राहकांना परत द्यावी लागली. आपल्याकडे तशी सामूहिक भरपाई झालेली नाही. ज्याने त्याने आपापले प्रकरण लढवायचे.

पैसे परत मिळवताना पहिला प्रश्न तारखेचा. प्रमाणपत्र हाती आल्यापासून ३० दिवस ‘फ्री लूक’, म्हणजे विमा पाहून परत करण्याची मुदत, असते. तेवढ्यात लेखी कळवले, तर झालेल्या दिवसांचा जोखीम प्रीमियम, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी रक्कम मिळते. प्रमाणपत्र मिळालेच नसेल तर ही मुदत सुरू कधी झाली, असा प्रश्न पत्रातच विचारा.

३० दिवस उलटले असतील, तर शाखेतून बहुधा ‘सरेंडर फॉर्म’ पुढे केला जाईल. त्यावर घाईने सही करू नका. सरेंडर म्हणजे विमा नीट विकला होता आणि तुम्ही स्वखुशीने सोडताय, असा अर्थ निघतो. त्यात हाती येते ती उरलेल्या काळाची कापलेली किंमत. तुमची मागणी वेगळी आहे: विक्रीच चुकीची, म्हणून सुरुवातीपासूनचा पूर्ण प्रीमियम आणि त्यावर आकारलेले व्याज परत. पत्रात हे शब्द स्पष्ट लिहा आणि एकेक तक्रार कागदाच्या क्रमांकासह मांडा. ‘माझी फसवणूक झाली’ एवढ्याच वाक्याला ‘ग्राहकाने सही केली आहे’ हे एका ओळीचे ठरलेले उत्तर येते.

पत्र बँक आणि विमा कंपनी, दोघांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना एकाच दिवशी पाठवा. विमा कंपनीविरुद्धची तक्रार विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा; मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. शुल्क नाही, वकील चालत नाही आणि निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. कर्ज अडवून विमा घ्यायला लावला, ही बँकेच्या वागणुकीची तक्रार असेल तर ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे, पण तिथे २ वर्षांची मुदत असते आणि एकच तक्रार लोकपाल व आयोग अशा दोन्हीकडे एकदम चालवता येत नाही. कर्ज पतसंस्थेचे असेल तर रिझर्व्ह बँकेचा संबंध नाही, सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागतो.

विमा रद्द करण्याआधी तुमच्याकडे दुसरे पुरेसे टर्म कव्हर, म्हणजे ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा साधा आयुर्विमा, आहे ना, हे बघा. वय वाढले असेल किंवा मधल्या काळात आजार जडला असेल, तर नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी सोडू नका.

परतावा बहुतेक वेळा बचत खात्यात न येता कर्जखात्यात जमा होतो. तो मुद्दलातून वजा झाला की पुढच्या ईएमआयपोटी आगाऊ धरला, हे उताऱ्यात पाहा. मुद्दल कमी झाले नसेल तर व्याज पूर्वीच्याच रकमेवर चालू राहते आणि ते दुरुस्त करून घ्यायला आणखी एक पत्र लागते.