स्वयंपाकघरातल्या सगळ्या पॉइंटना अडीचची वायर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की इंडक्शन, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर आणि इलेक्ट्रिक केटल अशा सगळ्यांसाठी वायरमन अडीचची (२.५ स्क्वेअर एमएम) एकच लाइन फिरवणार आहे. 'सारखा पडायला नको' म्हणून वर ३२ अँपियरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच) टाकतो म्हणतोय. असं करू देऊ नका. अडीचची वायर ठीक आहे, घोळ सगळ्यांना एकच लाइन देण्यात आणि त्या ३२ च्या एमसीबीत आहे.

आधी लोड काढा. पुरवठा २३० व्होल्टचा धरला तर वॅटला २३० ने भागायचं, की अँपियर मिळतात. इंडक्शन २१०० वॅट, डिशवॉशर २०००, केटल १५००, मायक्रोवेव्ह १३००. मायक्रोवेव्हच्या दारावर ८०० लिहिलेलं असतं, पण ती आत पदार्थाला मिळणारी ताकद. भिंतीतून तो किती ओढतो ते मागच्या पट्टीवर बघा. बेरीज ६९०० वॅट, म्हणजे ३० अँपियर. रोज सगळं एकदम चालणार नाही हे मान्य, पण घाईच्या वेळी चालतंच.

आता वायर. पाइपातून नेलेली तांब्याची, पीव्हीसी आवरणाची अडीचची वायर ३० अंश तापमानाला साधारण २४ अँपियर झेपवते. ४० अंशांना ती २१ वर येते. त्याच पाइपात आणखी दोन भरलेल्या सर्किट्स कोंबल्या तर १५ च्याही खाली. गरम स्वयंपाकघरातल्या ठासून भरलेल्या पाइपाचा खरा आकडा हा. दुकानातल्या तक्त्यातला मोठा आकडा बहुतेक वेळा मोकळ्या हवेतल्या एकट्या वायरीचा असतो.

आणि ३२ चा एमसीबी ३२ ला पडतो असंही नाही. ३६ अँपियर चालू ठेवले तरी त्याने तासभर तग धरावा, असंच त्याचं प्रमाण आहे. तेवढा वेळ भिंतीतली वायर भाजत राहणार. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. एमसीबी बसवायचा तो त्या वायरीसाठीच, त्यामुळे त्याचा आकडा वायरीच्या क्षमतेपेक्षा कमीच हवा. एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा टाकणं हा उपाय मला तरी वायरमनच्या तोंडी शोभत नाही.

मी असं करेन: इंडक्शनला एक स्वतंत्र सर्किट, डिशवॉशरला दुसरं, केटल-मायक्रोवेव्हला तिसरं. प्रत्येकाला १६ चा एमसीबी. एका पाइपात दोनच सर्किट्स असतील तर अडीचची पुरते, तिसरी घालायची वेळ आली तर चारची ओढा. फ्रिजला फार करंट लागत नाही, पण त्याची लाइन वेगळी ठेवलेली बरी. केटलमुळे एमसीबी पडला आणि रात्रभर फ्रिज बंद, हे नको. पुढेमागे चार शेगड्यांचा ७००० वॅटचा इंडक्शन हॉब बसवायचा विचार असेल तर त्याच्यासाठी सहाची वायर, ३२ चा एमसीबी आणि पाइपही त्याचा एकट्याचा. दीडची फक्त दिव्या-पंख्यांना. अर्थिंगची वायर या सगळ्यात फेजच्याच जाडीची, आणि बोर्डात ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) हवीच.

व्होल्टेज ड्रॉपची (लांब वायरीत व्होल्टेज घटण्याची) काळजी करू नका, घरातल्या अंतरांना तो नगण्य असतो. अडीचच्या वायरीवर १५ मीटर लांब १३ अँपियर नेले तर जेमतेम ३ व्होल्ट पडतात.

एवढं करूनही जळतं कुठे, तर बहुतेक वेळा जोडणीत. सॉकेटचा स्क्रू अर्धवट आवळलेला, नाहीतर जाड वायर बसेना म्हणून चार तारा छाटलेल्या. काम झाल्यावर इंडक्शन पूर्ण ताकदीवर अर्धा तास चालवा, मग सॉकेटच्या प्लेटला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल. चटका बसला तर एमसीबी पाडा आणि वायरमनला परत बोलावून पैसे चुकते करायच्या आधी ती जोडणी उघडायला लावा.