बीओटीएच (ऑक्युपेशनल थेरपीतली बॅचलर्स डिग्री) नंतर लगेच एमओटीएच (त्यातलीच मास्टर्स) करावं का, की आधी जॉब घ्यावा?

तू लिहिलंयस की इंटर्नशिप संपत आलीय, ऐरोलीला राहतेस, घोडबंदर रोडच्या एका चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरची ऑफर आहे आणि घरचे म्हणतायत मास्टर्स करूनच टाक. (वयाने लहान असशील म्हणून तू म्हणतेय.) मी ठाण्यात ओटीची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची (आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे अडलेली रोजची कामं पुन्हा जमवून देणारी थेरपी) प्रॅक्टिस करते, थोडे दिवस जॉब करून मग एमओटीएच केलं. माझं मत, एमओटीएच नक्की कर, पण आधी दीड-दोन वर्षं पेशंट बघ.

पैशासाठी करणार असशील तर निराश होशील. आपल्याकडच्या सेंटर्समध्ये सुरुवातीच्या पगारात फार फरक पडत नाही आणि पेरेंट्स डिग्री विचारत नाहीत, मूल वर्गात बसायला लागलं का, स्वतःच्या हाताने जेवायला लागलं का एवढंच बघतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. कॉलेजात शिकवायचं असेल तर मास्टर्स लागतंच. अमेरिकेचं डोक्यात असेल तर तिथे २००७ पासून ओटीचं एन्ट्री लेव्हल शिक्षणच मास्टर्सच्या पातळीवर नेलंय, नुसत्या बॅचलर्सवर अडतं. यूकेत तसं नाही, तिथे बॅचलर्स चालते.

मला स्वतःला एमओटीएचमधून मिळालं ते म्हणजे आमच्या गाइड मॅडम प्रत्येक केसला विचारायच्या, ही अ‍ॅक्टिव्हिटी का देतेयस आणि फरक पडला हे कशावरून सांगशील? दोन वर्षं हेच ऐकल्यावर ते अंगात मुरतं. आता माझ्याकडे चेंदणी कोळीवाड्यातल्या एक मावशी होत्या, स्ट्रोकनंतर डावा हात कमजोर. ‘हँड फंक्शन’ असं फाइलवर लिहून त्यांना महिनाभर पेगबोर्ड (भोकांत खुंट्या बसवायचा बोर्ड) देता आला असता. पण सीओपीएम (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर) घेतलं, म्हणजे कुठलं काम अडलंय ते पेशंटनेच सांगायचं आणि ते किती जमतं, त्यात समाधान किती, याला १ ते १० मार्क द्यायचे, तर मावशी म्हणाल्या मला विळीवर बसून मासळी कापायचीय, बाकी सगळं सून करते. मग त्या एका कामाचे तुकडे पाडले, खाली बसणं-उठणं, विळीच्या पाटावर पाय दाबून तोल सांभाळणं, निसरडी वस्तू दोन्ही हातांनी घट्ट धरून पात्यावर सरकवणं. पात्याजवळ जाण्याआधी डाव्या बोटांची सेन्सेशन नीट तपासली कारण बोटाला कळलंच नाही तर कापणार. आधी पातं मिटवून ओला घडी केलेला नॅपकिन, मग दुधी, मग बांगडा. त्यांचे मार्क २ वरून ६ वर गेले, आणि त्यात २ पॉइंटचा फरकसुद्धा महत्त्वाचा मानतात, त्यामुळे घरच्यांशी आणि न्यूरोलॉजिस्टशी बोलताना माझ्याकडे ‘बरं वाटतंय’च्या पुढचं काहीतरी होतं.

लगेच करू नको म्हणते ते याचसाठी, की स्वतःचे प्रश्न पडल्याशिवाय डिझर्टेशनचा विषय गाइडच देतात, मग सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी, सॅम्पल गोळा करणं हे सगळं ओझं होऊन बसतं. क्लिनिकमध्ये एकाच प्रकारच्या चार मुलांपैकी एकाला फरक का पडत नाहीये हे डोकं खायला लागलं की तोच विषय घेऊन जा. सेन्सरी इंटिग्रेशन, एनडीटी (न्यूरोडेव्हलपमेंटल ट्रीटमेंट) अशा थेरपीच्या ठरावीक पद्धतींचे सर्टिफिकेट कोर्स मधल्या काळात जरूर कर, हात तयार होतो, पण ते एका पद्धतीत तरबेज करतात, चार पद्धतींतली या पेशंटला कुठली लागू पडेल हे ठरवायला ते पुरत नाहीत.

आणि कॉलेज निवडताना इमारत बघू नको, पेशंटची गर्दी बघ. केईएममध्ये १९५० साली कमला निंबकरांनी भारतातली पहिली ओटी स्कूल काढली, तिथे किंवा सायनला, नायरला जे पेशंट दिसतात ते खाजगी ठिकाणी दिसणं कठीण, आणि सायन तर तुला ठाण्याला गाडी बदलून लोकलने जमेल. अ‍ॅडमिशनच्या आधी तिथल्या पीजी मुलींना गाठून विचार की गाइड स्वतः ओपीडीत पेशंट बघतात का. नाही म्हणाल्या तर दुसरं कॉलेज बघ.