‘मेल पोचला नाही’ हे रोज ऐकायची तयारी आहे का?

पत्र: सर, मी कराडला बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स)च्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत जवळच्या साखर कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागात दोन महिने काम शिकले. तिथून निविदांचे मेल पाठवले की जीमेल वापरणाऱ्या व्यापाऱ्यांकडून ५५०-५.७.२६ असा कोड येऊन परत यायचे. साहेबांबरोबर बसून शोधलं, तर इंटरनेटची लाइन बदलल्यावर आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदललेला आणि एसपीएफमध्ये, म्हणजे मेल पाठवायची परवानगी असलेल्यांच्या यादीत, जुनाच राहिलेला. तो बदलला आणि मेल पोचायला लागले. मला हेच काम करावंसं वाटतंय. पण वर्गातले सगळे फुल स्टॅक कोडिंगच्या मागे आहेत. पुण्यातला मावसभाऊ म्हणतो, मेल सर्व्हर संपले, सगळं क्लाउडवर गेलं, तू भंगार शिकतेस. बाबांना वाटतं, मेल सांभाळणं म्हणजे कारकुनी. काय करू?

उत्तर:

तू परत आलेल्या मेलचा कोड पत्रात जसाच्या तसा उतरवलास, तिथेच माझा अर्धा निर्णय झाला. बहुतेक जण ‘एरर येतोय’ एवढंच सांगतात आणि स्क्रीनचा फोटोही अर्धवट काढतात. कोड ५ने सुरू झाला तर समोरच्या सर्व्हरने दार लावून घेतलंय, ४ने सुरू झाला तर ‘जरा वेळाने ये’ म्हणतोय. हा फरक बघायची सवय ज्याला आपसूक लागते, त्याला या कामात रस आहे असं मी धरून चालतो.

आता मावसभाऊ. तो अर्धा बरोबर आहे, आणि तो अर्धा भाग झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एक्स्चेंज या आपल्या मेल सर्व्हरच्या २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. एसी लावलेल्या खोलीत घुंऽऽ करत बसलेला मेल सर्व्हर छोट्या-मध्यम ऑफिसांतून जातोय, आणि जाऊ दे. पण त्याच वर्षी एक्स्चेंजची सबस्क्रिप्शन आवृत्तीही आली, कारण डेटा आपल्याच आवारात हवा असं म्हणणारे आहेत. १९८९ साली आलेलं लोटस नोट्स हे ऑफिसांतल्या मेलचं सॉफ्टवेअर तर किती वेळा ‘संपलं’ म्हणून ऐकलं! ते लोटसकडून आयबीएमकडे गेलं आणि २०१९पासून आपल्या एचसीएलकडे आहे; त्याचे डोमिनो सर्व्हर अजून चालू आहेत. या क्षेत्रात जुनं मरत नाही, सोबत राहतं. नव्या-जुन्याची जोडणी ज्याला येते, त्याला बोलावणं येतं.

मावसभावाला एकच प्रश्न विचार. कारखान्याने उद्या मेल गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ अशा क्लाउड सेवेवर नेले, तर तू केलेली दुरुस्ती कोण करणार? एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या (मेल पत्त्यातल्या @ पुढच्या) नावाने कोणत्या सर्व्हरला मेल पाठवायची परवानगी आहे, त्याची डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, लिहिलेली यादी. ती गूगल आपणहून येऊन लिहीत नाही. डीकेआयएमची सही (मेल आपल्याच डोमेनचा आहे आणि वाटेत बदललेला नाही याची डिजिटल खूण), डीमार्कचं धोरण (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते), नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं, पाच वर्षांचे मेल जपून ठेवायचा नियम, हिशेब विभागाचा सामायिक मेलबॉक्स, हे सगळं क्लाउडवरही कुणाला तरी करावंच लागतं. फेब्रुवारी २०२४पासून तर जीमेलला दिवसाला ५०००च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे झाले. त्या महिन्यात मार्केटिंगवाल्यांना हे तीन शब्द पहिल्यांदा ऐकायला मिळाले असतील. थोडक्यात, खोकं गेलं तरी काम उरलं, आणि ते डोमेन, ओळख आणि परवानग्यांकडे सरकलं. मेलबॉक्स उघडून देणं, पासवर्ड बदलून देणं एवढंच ज्याला येतं, त्याच्या बाबतीत मात्र तुझा भाऊ पूर्ण बरोबर आहे.

कोडिंगचा कंटाळा म्हणून इकडे येत असशील तर येऊ नकोस. चारशे मेलबॉक्सची मर्यादा माऊसने कुणी बदलत नाही, त्याला पॉवरशेलच, म्हणजे विंडोजवर आज्ञा लिहून काम करणंच, लागतं. लिनक्सवर असशील तर शेल स्क्रिप्ट आणि लॉगमधून नेमकी ओळ काढायची सवय हवी.

काम कसं असतं ते एका दिवसावरून सांगतो. १ जानेवारी २०२२. स्वतःच्या आवारात एक्स्चेंज चालवणाऱ्यांचे मेल जगभर रांगेत अडकून पडले. कारण काय, तर व्हायरस तपासणाऱ्या इंजिनाच्या आवृत्तीचा क्रमांक तारखेवरून बनायचा. वर्ष उजाडलं आणि तो झाला २२०१०१०००१. ज्या ३२ बिटांच्या खणात तो ठेवायचा, त्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ एवढीच संख्या मावते. इंजिन कोसळलं, आणि तपासणी नाही म्हणून मेल पुढे सरकेना. एकही मेल हरवला नव्हता, पण ‘मेल हरवला नाही, रांगेत आहे’ हे वाक्य साहेबलोकांना पटवायला जेवढी ताकद लागते, तेवढी दुरुस्तीलाही लागत नाही. (क्लाउडवाले त्या दिवशी निवांत होते. मावसभावाच्या खात्यात एक गुण.)

माझंही एक सांगतो. समुपदेशनात येण्याआधी काही वर्षं मी पुण्यात हेच काम करत होतो. एका कंपनीचे मेल शनिवारी रात्री नव्या सर्व्हरवर हलवायचे होते. डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचे ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदीचा टीटीएल (बाहेरच्यांनी ती नोंद लक्षात ठेवायची मुदत) होता ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस. दोन दिवस आधी तो ३०० वर आणायचा असतो. मी विसरलो. रात्री नोंद बदलली, तपासणीचे चार मेल आले, मी खूश होऊन घरी गेलो. पण बाहेरचे कित्येक सर्व्हर रविवारी दिवसभर जुनाच पत्ता धरून होते, आणि जुना सर्व्हरही बिचारा इमानदारीने मेल घेत बसला होता. सोमवारी सकाळी खरेदी विभागातून फोन: दरपत्रक शनिवारीच पाठवलंय म्हणतात, इथे तर काहीच नाही. ते जुन्या मेलबॉक्समध्ये पडलं होतं. दुपारपर्यंत एकेक मेल हाताने इकडे आणला. गंमत म्हणजे जुन्या सर्व्हरने मेल घेणं बंद केलं असतं, तर काहीच बिघडलं नसतं. पाठवणाऱ्यांच्या सर्व्हरनी मेल आपापल्या रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा दार वाजवलं असतं. तशी सोय या व्यवस्थेत आहे, आणि साधारण चार-पाच दिवस ते प्रयत्न करत राहतात. हे मला माहीत होतं. त्या रात्री आठवलं नाही.

आता बाबांचं म्हणणं. त्यांना सांग, ऑफिसातल्या प्रत्येकाच्या, अगदी कार्यकारी संचालकांच्याही मेलबॉक्सची किल्ली ज्याच्या हातात असते, त्याला कारकून म्हणणं धाडसाचं आहे. हे मी गमतीने लिहीत नाही. एक दिवस कुणीतरी वरिष्ठ तुझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणेल, ‘त्या अमक्याच्या मेलमध्ये जरा बघ ना, काय चाललंय.’ त्या वेळी आवाज न चढवता ‘लेखी द्या सर, लगेच करते’ म्हणता यायला हवं. नोकरीच्या पहिल्या वर्षी हे जड जातं.

पगाराचं आणि वेळेचंही बोलू. सुरुवात बहुधा हेल्पडेस्कवर होईल, आणि चांगली नोकरी लागलेल्या कोडिंगवाल्या मैत्रिणीपेक्षा तुझा पगार कमी असेल. सर्व्हरची कामं लोक घरी गेल्यावर होतात, म्हणजे शनिवार-रविवार आणि सणावाराला. मेल चालू असताना तुला कुणी ओळखत नाही. बंद पडला की शिपायापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना तुझा नंबर पाठ! हे वाचून पोटात गोळा आला असेल तर तोही एक उपयोगी निकाल समज.

शिकायचं कसं? क्लास लावायची घाई नको, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाला तर नकोच. स्वतःच्या नावाचं एक डोमेन घे. भाड्याचा छोटा लिनक्स सर्व्हर घे. घेताना पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) बाहेर जायला मोकळं आहे का ते आधी विचार, कारण बरेच क्लाउडवाले ते बंद ठेवतात. घरच्या ब्रॉडबँडवरून मेल पाठवायच्या फंदात पडू नकोस, त्या आयपीचे मेल बहुतेक सर्व्हर घेतच नाहीत. पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारं) आणि डोव्हकॉट (मेलबॉक्स उघडून देणारं) ही सॉफ्टवेअर हाताने बसव. डीमार्क आधी ‘नन’वर (नापास मेल अडवू नका, फक्त कळवा) ठेव, अहवाल येतात ते वाच, मग ‘क्वारंटाइन’कडे (नापास मेल स्पॅममध्ये टाका) जा. मैत्रिणीला २० एमबीचा फोटोंचा गठ्ठा पाठव, आणि बेस६४मुळे (फाइल मेलमधून जाण्यासाठी साध्या अक्षरांत बदलण्याची पद्धत) त्याचे २७ कसे होतात आणि आकाराच्या मर्यादेपाशी तो कुठे अडतो, ते लॉगमध्ये बघ. मराठी विषय लिहून मेल पाठव आणि मूळ हेडर (मजकुराच्या वरची, एरवी लपलेली माहिती) उघड. तुझं ‘नमस्कार’ अगम्य अक्षरांच्या पोत्यात भरलेलं दिसेल. हेडरमधल्या ‘रिसीव्ह्ड’च्या ओळी खालून वर वाचायच्या, मेलचा प्रवास तसाच लिहिलेला असतो. मग मुद्दाम एकेक गोष्ट मोडायची आणि काय कोड येतो ते वहीत लिहायचं. तीन महिने पुरतात.

त्यानंतर प्रमाणपत्र. लिनक्सकडे ओढा असेल तर रेड हॅटची आरएचसीएसए. ती परीक्षा टर्मिनलवर प्रत्यक्ष काम करून द्यावी लागते, म्हणून मला ती आवडते. मायक्रोसॉफ्टकडे जायचं तर एमएस-१०२ ही मायक्रोसॉफ्ट ३६५ सांभाळण्याची परीक्षा, पण ती पहिली पायरी नव्हे. सी-डॅकचा आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टिम्स आणि सिक्युरिटीचा सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम चांगला आहे, मात्र तो प्रामुख्याने इंजिनिअर आणि एमसीए, एम.एस्सी.वाल्यांसाठी आहे. पदवीनंतर पुढे शिकायचं ठरलं तर तेव्हा विचार कर.

आणि एक काम आत्ताच. गाळप सुरू व्हायच्या आत कारखान्यात पुन्हा एक चक्कर मार. एसपीएफ दुरुस्त केलंस, पण नव्या आयपीची उलटी नोंद (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी), म्हणजे पीटीआर, झाली का? ती कारखान्याच्या डीएनएसमधून होत नाही, लाइन देणाऱ्या कंपनीलाच लिहावं लागतं. डीकेआयएमची सही जाते का तेही बघ. मग ईडीपीच्या साहेबांसाठी एक पानभर लिहून दे: डीएनएस कुठे आहे, पासवर्ड कुणाकडे आहे, काय बदललं, का बदललं. साहेबांची परवानगी घेऊन, पासवर्ड आणि आयपी झाकून, तेच पान मुलाखतीला ने.

डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना कोणत्या पत्त्यावर येते तेही त्या पानावर लिही. बहुधा तो पत्ता कधीच निवृत्त झालेल्या माणसाचा निघेल.