नाताळच्या सुट्टीत मुंबईहून एखाद्या ग्रामीण मिशनमध्ये सेवेसाठी गेले, तर खरोखर काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारले आहे की मुंबईत नोकरी करणाऱ्या आणि ख्रिस्ती नसलेल्या माणसाला नाताळच्या आठवड्यात एखाद्या ग्रामीण मिशनमध्ये स्वयंसेवक म्हणून जाता येईल का, आणि गेल्यास त्याचा तिथे काही उपयोग होतो की नुसती गर्दी वाढते. जाता येते आणि उपयोगही होतो. मात्र मुलांना खाऊ वाटणे, सांताक्लॉज होणे, नाताळगीते गाणे अशी जी कामे मनात धरून बहुतेक जण निघतात, त्यांना त्या आठवड्यात माणसांची मुळीच टंचाई नसते. टंचाई असते ती मिशनची रोजची कामे पुढे रेटणाऱ्यांची, कारण ती करणारी माणसे नेमकी त्याच वेळी सणाच्या तयारीत अडकलेली असतात.

मी मुंबईतील एका रुग्णालयाच्या औषधभांडारात नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. मीही ख्रिस्ती नाही. बरोबर काम करणाऱ्या एका सिस्टरांच्या, म्हणजे ख्रिस्ती जोगिणीच्या, ओळखीने मी पालघर जिल्ह्यातील एका मिशनमध्ये डिसेंबरात जाऊ लागले, आणि पुढे जे लिहिते आहे ते त्या अनुभवाच्या आधारावर. सगळी मिशन सारखी नसतात. केडगावचे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन किंवा मिरजेचे मिशन रुग्णालय ही वेगळ्या परंपरेतील आणि कितीतरी मोठ्या व्यापाची कामे आहेत. तलासरीपासून जव्हार-मोखाड्यापर्यंतच्या वारली पट्ट्यात कॅथलिक मिशन म्हटले की एक चर्च, एक शाळा, मुलामुलींची वसतिगृहे आणि सिस्टर चालवत असलेला लहानसा दवाखाना असे साधारण स्वरूप असते. मी जाते ते ठिकाणही त्याच प्रकारचे आहे.

डिसेंबरात त्या भागाची स्थिती मुंबईत बसून वाटते तशी नसते. भाताची झोडणी उरकलेली असते, नागली आणि वरई घरात आलेली असते, आणि ज्याला थोडीफार जमीन आहे त्याच्या घरात त्या वेळी दाणा असतो. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून जव्हार-मोखाडा म्हटले की मुंबईकराला कुपोषण आठवते आणि तो बिस्किटांची खोकी घेऊन निघतो. पोटाची खरी ओढाताण मात्र पावसाळ्यात होते, जेव्हा साठवलेले धान्य संपत आलेले असते, मजुरी मिळत नाही आणि ओढ्यांना पूर आला की पाड्याची वाट बंद होते. त्या दिवसांत मुंबईहून कोणी फिरकत नाही. दिवाळीनंतर आणखी एक गोष्ट घडते. ज्यांना जमीन नाही किंवा असलेली पुरत नाही, अशी कुटुंबे पोराबाळांसह भिवंडी, कल्याण, वसई, पनवेल या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि आधी घेतलेली उचल फेडत पावसाच्या तोंडापर्यंत तिथेच राहतात. म्हणजे तुम्ही शंभर-सव्वाशे किलोमीटर प्रवास करून ज्या पाड्यावर पोहोचता, तेथील सर्वांत गरजू माणसे तुमच्याच शहराच्या वेशीवर विटा पाडत बसलेली असतात. भट्टीवरच्या भोंग्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहणाऱ्या या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने पूर्वी ‘भोंगा शाळा’ चालवल्या होत्या. तुमच्याजवळ सलग आठवडा नसेल आणि केवळ रविवार मोकळे असतील, तर मिशनपेक्षा भट्टीवरील मुलांसाठी काम करणारा एखादा गट गाठणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आता मिशनवर पडून राहिलेली कामे कोणती, ते सांगते. माझ्या वाट्याला पहिल्यापासून दवाखान्यामागची खोली आली. नाताळपूर्वीच्या चार आठवड्यांत, ज्याला आगमनकाळ म्हणतात, मुंबईतील धर्मग्रामांतून, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतील ख्रिस्ती वस्त्यांतून, आणि गृहनिर्माण सोसायट्यांतून दानाचा ओघ सुरू होतो आणि त्यात औषधांच्या पिशव्या हमखास असतात. पिशवी उघडली की आजोबांच्या पश्चात उरलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या निघतात, प्रतिजैविकाच्या पट्टीतल्या शेवटच्या दोन गोळ्या निघतात, तोंड उघडलेले डोळ्यांचे थेंब निघतात, आणि पाणी घालून एकदा तयार केलेले लहान मुलांचे सिरपही निघते, जे बहुधा आठवडाभरातच संपवायचे असते. पट्टीवर बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख एका टोकाला छापलेली असते. घरोघरी कात्रीने गोळ्या कापताना ते टोक आधी जाते आणि उरलेली पट्टी दिसायला कोरी करकरीत असली तरी ती कधीची आहे हे कोणालाच सांगता येत नाही. अशी पट्टी रुग्णाला देता येत नाही. फेकून द्यावी तर ती उकिरड्यावरून एखाद्या मुलाच्या हाती लागण्याची भीती असते, म्हणून ती नोंद करून, वेगळ्या पोत्यात भरून, योग्य रीतीने नष्ट करण्यासाठी शहरात परत पाठवावी लागते. दवाखाना एकटीने सांभाळणाऱ्या सिस्टरना हे करायला फुरसत कुठून मिळणार? तारखा वाचून औषधे लावणे, मुदत संपत आलेली पुढे ठेवणे आणि नोंदवही अद्ययावत करणे या कामाला औषधशास्त्राची पदवी लागत नाही. चष्मा आणि चिकाटी पुरते. तुम्ही डॉक्टर असाल, तर एका दिवसाचे शिबिर घेऊन पंधरा दिवसांच्या रक्तदाबाच्या गोळ्या वाटण्याऐवजी ज्यांची तपासणी राहिली आहे त्यांची यादी सिस्टरांकडून घ्या आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला विचारूनच काय ते करा, कारण सोळाव्या दिवशी गोळी कुठून आणायची हा प्रश्न तुम्ही परतल्यावर त्यांच्या माथी येतो.

दुसरे काम कोणीही आपणहून मागून घेत नाही, आणि मी ते सर्वांत वर ठेवीन. थंडीत वसतिगृहातली मुले दाटीवाटीने झोपतात, एकमेकांची पांघरुणे ओढून घेतात, गार पाण्याने अंघोळ नको म्हणून टाळाटाळ करतात, आणि बघता बघता खरूज पसरते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेशी बारीक पुटकुळ्या येतात आणि रात्री खाज इतकी सुटते की मूल सकाळी वर्गात पेंगते. यावर पर्मेथ्रिनचे पाच टक्क्यांचे मलम चांगले चालते, पण ते ज्याला खाज आहे त्याच्यापुरते लावून भागत नाही. एका खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत लावायचे, सकाळी धुऊन टाकायचे आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावायचे असते; आणि त्याच सकाळी सगळ्या चादरी, पांघरुणे आणि अंगावरचे कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे असतात. पहिल्या भागाला मलम लागते, ते कोणीही विकत आणून देतो. दुसऱ्या भागाला हात लागतात. चुलीवर पाण्याची पातेली चढवणे, भिजून जड झालेली ब्लँकेटे दोघांनी दोन टोकांना धरून पिळणे, दोऱ्या कमी पडल्या की ती कुंपणावर टाकणे, हे दिवसभर चालते आणि संध्याकाळी बोटांची सालटी निघालेली असतात. मिशनच्या शाळेला नाताळची सुट्टी लागून मुले घरी गेली की एवढीच पांघरुणे धुणे सोपे जाते, आणि ती परत येताना घरून नवी लागण घेऊन येतील हे गृहीत धरून मलमाचा दुसरा साठा तयार ठेवता येतो. म्हणून मुले तिथे असतील की नाही हे आधी विचारून घ्या, आणि नसतील असे उत्तर आले तर बेत रद्द करू नका.

जुन्या कपड्यांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यावर मी बोलू लागले की घरचे विषय बदलतात. चेन बिघडलेल्या जीन्स, लग्नातला एकदाच घातलेला सूट आणि टिकल्या गळालेले झगे यांची पोती मुंबईहून पाठवण्याचा खर्च पुष्कळदा त्या कपड्यांच्या किमतीहून अधिक असतो. मुलांना लागतात ती नवी अंतर्वस्त्रे, मापाच्या चपला, मुलींसाठी सॅनिटरी पॅड आणि जाड ब्लँकेटे, कारण जव्हारच्या पठारावर डिसेंबरची पहाट मुंबईकराला वाटते त्याहून बरीच गार असते. पैसे जमवा, मापे मागवा आणि खरेदी डहाणू किंवा जव्हारच्या बाजारात करा.

सणाचा दिवस मात्र चुकवू नका. येशूजन्माच्या देखाव्यासाठी पेंढ्याच्या छपराचा गोठा मुले स्वतः उभारतात, कारवीच्या कुडाला शेणमातीने सारवून त्यावर तांदळाच्या पिठाने वारली चित्रे काढतात, आणि मी पाहिलेल्या एका गोठ्यात बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या मागी राजांच्या मागे तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरलेली माणसे होती. चोवीस तारखेला रात्रीच्या मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधील सामुदायिक उपासनेसाठी, दूरदूरच्या पाड्यांवरून टेम्पो भरून माणसे येतात आणि नंतर सगळ्यांचे जेवण असते. तिथे तुमचे काम स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला आहे, म्हणजे कांदे सोलणे, पिण्याच्या पाण्याची पिंपे भरत राहणे, आणि स्वच्छतागृहांतले पाणी संपू न देणे. हे शेवटचे काम वाचून तुमचा उत्साह मावळला असेल, तर सहलीला जाणे बरे.

तुम्ही ख्रिस्ती नसल्याचा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. वसतिगृहातील कितीतरी मुलांच्या घरी हिरवा, हिमाय, नारनदेव आणि वाघदेव पुजले जातात आणि मिशनमधील माणसांना ते ठाऊक असते. मिस्सेला बसावे की नाही हे तुमच्यावर आहे. बसलात तर एक लक्षात ठेवा, की शेवटी रांगेत जो लहानसा गोल तुकडा देतात तो आपल्या देवळातल्यासारखा सर्वांसाठीचा प्रसाद नसतो; तो बाप्तिस्मा घेतलेल्या कॅथलिकांसाठीच असतो, म्हणून जागेवर बसून राहावे, त्यात कोणी वाईट वाटून घेत नाही. दुसऱ्या बाजूने, गावात धर्मांतराविषयी कुजबुज असू शकते. कोणी चौकशी केली तर आपण कोण, कोणत्या कामाला आलो आणि कधी परतणार हे सरळ सांगावे, आणि कोणत्याही धर्माची पत्रके स्वतः वाटू नयेत.

मुलांच्या बाबतीत जी मिशन कडक नियम लावतात, त्यांच्यावर रुसू नका. मी तर ज्या ठिकाणी काहीच विचारत नाहीत तिथे जाऊ नका असे सांगेन. पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते. मुलाला एकट्याने खोलीत किंवा गावात नेऊ नये, रात्री वसतिगृहाच्या इमारतीत थांबू नये, आणि फोटो काढायचा झाल्यास फादरांची परवानगी घ्यावी. खाऊचा पुडा हातात धरलेल्या मुलाचा चेहरा समाजमाध्यमांवर टाकणे मला कोणत्याही परवानगीनंतरही गैरच वाटते.

प्रवासासाठी गाडीचा मोह टाळा, कारण नाताळ ते एकतीस डिसेंबर या काळात घोडबंदर रस्ता आणि अहमदाबाद महामार्ग दोन्ही तुंबतात. डहाणू रोडपर्यंत लोकल जाते आणि पुढे एसटी किंवा वडाप मिळते. मोखाड्याच्या बाजूला जायचे असेल, तर कसाऱ्याला उतरून खोडाळ्यामार्गे जाणे सोयीचे पडते. टॉर्च, स्वतःची चादर आणि पाण्याची बाटली बरोबर असावी.

मिशनला पत्र लिहाल, तेव्हा ‘मी काय करू शकतो’ याची लांबलचक यादी देऊ नका. किती दिवस राहणार, वाहन चालवता येते का, हिशेब, वीजजोडणी किंवा शिवणकाम यांपैकी काही येते का, आणि धुण्या-भांड्यांना ना नाही, एवढे चार ओळींत लिहा आणि त्या आठवड्यात त्यांचे कोणते काम अडणार आहे ते विचारा. पत्र नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पोहोचले पाहिजे, कारण आगमनकाळ सुरू झाल्यावर फादर रोज वेगळ्या पाड्यावर असतात आणि आलेले टपाल मिशनच्या कार्यालयात टेबलावर तसेच पडून राहते. नाताळच्या आठवड्यात आधीच पुरेशी माणसे येणार आहेत असे उत्तर आले, तर जुलैतले दिवस मागून घ्या.