डॉक्टर न होता मेंदूच्या एमआरआयवर रिसर्च करता येतो का?

सांगलीहून एका ताईंनी लिहिलंय, मुलगी बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिच्या मावशीला एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस निघाला आणि तेव्हापासून पोरीचं एकच चाललंय, हा आजार एमआरआयवरून लवकर कसा पकडायचा यावर काम करायचं. नीटला मार्क कमी पडले होते, मग आता हे जमणार कसं, की सरळ एमआरआय टेक्निशियनचा डिप्लोमा करू दे?

ताई, डिप्लोमा वाईट नाही, नोकरी लवकर लागते, पण तिथे काम स्कॅन काढायचं असतं, आणि तुमच्या मुलीला पडलेला प्रश्न वेगळाच आहे. त्या प्रश्नाला फिजिक्सवालेच लागतात. एमआरआय ज्यांच्यामुळे आला त्या लॉटरबर आणि मॅन्सफिल्डना 2003 चं मेडिसिनचं नोबेल मिळालं, त्यातले लॉटरबर केमिस्ट आणि मॅन्सफिल्ड फिजिक्सचे, डॉक्टर दोघंही नाहीत!

आता गंमत बघा. एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण सोललं जातं, वायरीवरचं प्लास्टिक निघावं तसं, आणि एमआरआयवर पांढरे ठिपके दिसतात. पण ठिपके आणि त्रास यांचा मेळ बसतोच असं नाही. डोकेदुखीसाठी स्कॅन केला आणि एमएससारखे ठिपके निघाले, त्रास मात्र काहीच नाही, अशीही माणसं असतात, 2009 मध्ये याला वेगळं नाव दिलं, आरआयएस, म्हणजे रेडिऑलॉजिकली आयसोलेटेड सिंड्रोम. त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना पुढच्या 5 वर्षांत पहिला त्रास सुरू होतो, बाकीच्यांना नाही, मग कोणाला औषध द्यायचं? शिवाय जो भाग स्कॅनवर ठीकठाक दिसतो तिथेही बारीक बिघाड झालेला असतो. मायलिनच्या थरांत अडकलेल्या पाण्याचा सिग्नल फार लवकर विझतो, नेहमीच्या स्कॅनला तो सापडतच नाही, तो वेगळा काढायची पद्धत कॅनडात व्हँकुव्हरला फिजिक्सच्या लोकांनी 1990 च्या दशकात बसवली. हे सगळं गणित आणि कोडिंग आहे हो, स्टेथोस्कोप कुठेच नाही.

रस्ता म्हणाल तर आधी जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी एमएस्सी, मग नेट किंवा गेट या परीक्षा, मग पीएचडी. बेंगळुरूचं निम्हान्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, मानेसरचं एनबीआरसी म्हणजे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, आयआयटी मुंबईचा बायोइंजिनिअरिंग विभाग, या जागांवर लक्ष ठेवा. जेआरएफ म्हणजे पीएचडीसाठीची फेलोशिप मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 मिळतात, पण सेटल व्हायला तिशी उजाडते, हे घरात आत्ताच बोलून घ्या, लग्नाचा विषय निघायच्या आत. आणि कोणी मेडिकल फिजिक्स म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राचा डिप्लोमा सुचवला तर तो मुख्यतः रेडिएशनचा, कॅन्सरच्या उपचारांकडे जाणारा, चांगलाय पण हा नव्हे.

या सुट्टीत तिला पायथन ही कोडिंगची भाषा शिकू दे, ऑक्सफर्डचं एफएसएल नावाचं मेंदूचे स्कॅन तपासायचं सॉफ्टवेअर शिकण्यासाठी फुकट मिळतं, आणि आयएक्सआय नावाचा लंडनच्या जवळपास 600 निरोगी माणसांच्या स्कॅनचा संग्रह पण फुकट आहे, त्यावर हात चालवू दे. दोन महिन्यांत कंटाळली तर तेही कळेल, पैसे न घालवता.

फक्त मावशीच्या स्कॅनच्या सीडीवर सराव नको. घरातल्या पोरीने ठिपके मोजायला लागायचं आणि मावशीने तिचा चेहरा वाचत बसायचं, दोघींनाही झेपणार नाही ते.