फिनिक्सजवळच्या वाळवंटात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आईबाबांना काय दाखवावं?

तुमचा प्रश्न असा : नुकतेच ॲरिझोनात, फिनिक्सजवळच्या चँडलरला आलोय, आईबाबा ऑक्टोबरमध्ये येताहेत, शेजारच्या स्कॉट्सडेलच्या मॅकडॉवेल सोनोरन प्रिझर्व्हमध्ये (राखीव वाळवंटात) ‘फॉल’चे, म्हणजे शरद ऋतूतले, कार्यक्रम असतात असं ऐकलंय. तिथे नेमकं काय असतं आणि पासष्टीच्या माणसांना ते झेपेल का?

झेपेल. फक्त तिकिटं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याची काढली असतील तर पुढे ढकलता येतात का बघा. आपली ऑक्टोबर हीट इथेही आहे, फक्त घाम दिसत नाही, अंगावरच वाळतो. २०२४ मध्ये १ ऑक्टोबरला फिनिक्सचा पारा ११३ फॅरनहाइटवर होता, म्हणजे ४५ सेल्सिअस. दिलासा मिळतो तो महिना संपता संपता. नोव्हेंबरातल्या सकाळी मात्र पुण्याच्या डिसेंबरासारख्या. इतर राज्यांत फॉल म्हणजे आवराआवर सुरू. इथे उलटं, चार-पाच महिने एसीत कोंडलेली माणसं तेव्हा कुठे दार उघडतात. म्हणून चालण्या-भटकण्याचा हंगाम तिथून सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो.

आता ‘कार्यक्रम’ या शब्दाबद्दल. स्टेज, स्पीकर, खाऊचे स्टॉल असं काही डोळ्यांसमोर असेल तर ते काढून टाका. या प्रिझर्व्हच्या आत साधा कॅफेही नाही. कारण ही जमीन गावकऱ्यांनी स्वतःवर कर लावून घेऊन विकत घेतली आहे. १९९५ मध्ये स्कॉट्सडेलच्या मतदारांनी त्यासाठी विक्रीकर वाढवायला मंजुरी दिली, २००४ मध्ये परत दिली. अशी जोडत जोडत आज ३०,००० एकरांच्या वर जमीन झाली. मध्यंतरी तिथे मोठं केंद्र बांधायचा घाट घातला गेला, तेव्हा लोक भडकले, आणि २०१८ च्या नोव्हेंबरात नियमच करून घेतला की इथे असं काही बांधायचं तर आधी आमचं मत घ्या. त्यामुळे इथला कार्यक्रम म्हणजे एक स्वयंसेवक, आठ-दहा माणसं आणि पायवाट. मला विचाराल तर तेच बरं झालं.

हे स्वयंसेवक मॅकडॉवेल सोनोरन कॉन्झर्व्हन्सीचे. त्यांना स्ट्युअर्ड म्हणतात, बहुतेक निवृत्त मंडळी. त्यांच्या गाइडेड हाइक फुकट असतात, संस्थेच्या वेबसाइटवर तारखा लागतात, सोपी-मध्यम-अवघड असं लिहिलेलं असतं. नाव आधीच नोंदवून टाका. माझा आग्रह एवढाच की पहिल्यांदा तरी आईबाबांना यांच्याबरोबर पाठवा, तुम्ही एकटे घेऊन जाऊ नका. वाळवंट एकट्याने पाहिलं तर दहा मिनिटांत ‘सगळीकडे निवडुंगच’ असं होतं. आमचं झालं होतं.

२०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस मी माझ्या आईबाबांना गेटवे ट्रेलहेडला (पायवाटा सुरू होतात त्या जागी) नेलं. तिथली बहादा नेचर ट्रेल जेमतेम अर्धा मैल, सपाट, व्हीलचेअरही जाते. (नावाचं स्पेलिंग ‘जे’ने आहे, पण उच्चार स्पॅनिश.) आमच्या स्ट्युअर्डबाई सत्तरीच्या असतील. एका पालो व्हर्डेच्या झाडाखाली त्या वाकल्या आणि म्हणाल्या, इथे बघा. मला आधी नुसती खडी दिसली. मग दिसला तो अंगठ्याएवढा सवारो निवडुंग. सिनेमात हात वर करून उभा असतो तोच, पण हा पहिल्या आठ वर्षांत वाढतो फक्त इंचभर, दीड इंच. हात फुटायला पन्नास-सत्तर वर्षं जातात. तोवर उन्हापासून, थंडीपासून त्याला हे झाड सांभाळतं, म्हणून अशा झाडाला नर्स ट्री म्हणतात. आई म्हणाली, “दाई म्हणा की.” मी भाषांतर करून सांगितलं, तर बाईंनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला.

पुढे एका कोरड्या ओढ्याकाठी मेस्कीटचं झाड दिसलं आणि आमच्याकडे भांडण लागलं. बाबा सोलापूरचे. ते म्हणाले, ही वेडी बाभूळ, हिला कोण राखतं? आईचं म्हणणं, पानं बघा, शमी आहे. दोघांचंही अर्धं अर्धं खरं. वेडी बाभूळ आपल्याकडे अमेरिकेतूनच आली, आणि शमी ही या सगळ्यांची चुलत बहीण. कित्येक वर्षं वनस्पतिशास्त्रात सगळ्यांचं आडनाव एकच होतं. दसरा होऊन चार दिवस झाले होते, तरी आईचा हात डहाळीकडे गेलाच. बाईंनी हसत पण ठामपणे सांगितलं, इथलं पानसुद्धा तोडायचं नाही. आईने हात जोडून नमस्कार केला आणि पुढे निघाली.

गेटवेला स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी दोन्ही आहे. उत्तरेला ब्राउन्स रँचला गेलात तर जेन राऊ ट्रेल अशीच छोटी, सोपी आहे. टॉम्स थंब या सुळक्याच्या वाटेचे फोटो बघून मोहात पडू नका. जाऊन-येऊन चार मैल, चांगलीच चढण आणि ट्रेलहेडला पाणी नाही. तिथे तुम्ही एकटे जा, आईबाबांना घरी चहा पिऊ द्या. प्रवेश आणि पार्किंगला पैसे नाहीत. वेळ सूर्योदय ते सूर्यास्त, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर साडेपाचच्या आतच मावळतं हे लक्षात ठेवा.

ऑक्टोबरपर्यंत रॅटलस्नेक हिंडत असतात, तेव्हा पायवाट सोडायची नाही आणि दगडाआड हात घालायचा नाही. टॅरँट्युला या मोठ्या कोळ्याचे नरही जोडीदारीण शोधत वाटेवर येतात. केसाळ, तळहाताएवढे, दिसायला भयंकर, पण माणसाच्या वाटेला जात नाहीत. बाबांनी त्याचा व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तो अजून फिरतोय.

एक घोळ टाळा. ‘मॅकडॉवेल माउंटन रीजनल पार्क’ हे वेगळं ठिकाण आहे. ते शेजारीच, पण काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं), फाउंटन हिल्सच्या बाजूने आत जायचं, गाडीमागे शुल्क. मी एकदा घाईघाईत फोनवर तेच लावलं आणि गाइडेड हाइक निघून गेल्यावर पोचले. चूक माझीच. पण रात्रीचं काही हवं असेल तर तिकडेच बघा, प्रिझर्व्ह अंधार पडला की बंद होतं. काउंटीच्या पार्कांत रेंजर बॅटरी घेऊन फिरायला नेतात. अतिनील दिवा टाकला की दगडावरचा विंचू हिरवट चमकायला लागतो. मुलं असतील तर यापुढे बाकी सगळं फिकं.

आईबाबा नोव्हेंबर अखेरपर्यंत असतील तर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत सुपीरियर गावाजवळच्या बॉइस थॉम्पसन आर्बोरेटमला, म्हणजे वृक्षोद्यानाला, न्या. चँडलरहून तासाभराचा रस्ता. बाकी अमेरिकेतला पानांचा रंगोत्सव संपून गेलेला असतो तेव्हा तिथली चिनी पिस्त्याची झाडं लाल-केशरी होतात, आणि मागे सवारो. तिकीट आहे, पण वसूल.

सामानात माणशी दीड-दोन लिटर पाणी, टोपी, बंद बूट, आणि एक फणी. थट्टा नाही. चोया नावाचा निवडुंग नुसता घासला तरी त्याचा काटेरी गोळा पायाला चिकटतो, आणि बोटांनी ओढायला गेलात की बोटांना. फणी मधे घालून एका झटक्यात उडवायचा, समोर कोणी उभं नाही हे बघून. बारीक दातांची नको, जाड दातांची घ्या.